पाण्याचं वजन

रोज सकाळी चहाच्या आधी
मी काट्यावर उभा राहतो.
अनसूया कपाळावरचा चष्मा खाली ओढून
आकडा वाचते : एकसष्ट चारशे.
कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाखाली
पेन्सिलीने लिहिते.

इथेच, नवाबागच्या वाळूत,
बांगड्याची पाटी नुसती उचलून
मी सांगायचो किती भरेल.
अर्ध्या किलोची चूक नाही.
आता माझ्याच पायांत किती पाणी भरलं
ते यंत्राला विचारावं लागतं.

कुडाळच्या डॉक्टरबाईंनी
पडद्यावर काळीज दाखवलं.
जाळं रिकामं झाल्यावर तळाशी एखादा
तोंड उघडतो, मिटतो,
तसं काहीतरी करडं.
"तीस टक्के, रुक्मांगदकाका."
मी म्हटलं, म्हणजे शंभर माणसांच्या रापणीत
तीसच ओढतायत,
बाकीचे दोर धरून नुसते उभे.
पाहिलंय असं. जाळं येतं तरी.
उशिरा येतं.

मग रक्त. एक नळी साखरेची,
एक थायरॉइडची, आणि एक त्याची,
ज्याचं नाव बाईंनी
हळद-मीठ म्हणावं तितक्या सरळ घेतलं :
टेस्टोस्टेरॉन.
रिपोर्टात त्याच्यापुढे छोटा बाण,
खाली तोंड करून.
"हे आटलं म्हणून काळीज थकलं,
की काळीज थकलं म्हणून हे आटलं?"
"नक्की नाही सांगता येत, काका."
का कोण जाणे, बरं वाटलं.
मलाही कुठे ठाऊक आहे,
आधी मासळी गेली
की आधी माणसं.

पुतण्याने गोव्याहून जेलची ट्यूब आणली.
खोक्यावर उघड्या छातीचा पोरगा.
"चोळा काका, पंधरा दिवसांत वल्हं माराल."
बाई म्हणाल्या, नको, अंगात पाणी धरेल.
ट्यूब आता पडवीच्या खिडकीला
अडसर म्हणून लावलीय.

दीड लिटर पाणी दिवसाला, तांब्यावर खूण करून.
मीठ चिमूटभर.
आणि दारात अख्खी वाडी बांगडा खारवतेय.

जे बाईंना सांगितलं नाही ते हे :
नव्या गोळीने सूज उतरली,
पण छाती दुखायला लागली.
आत नाही. वरवर.
बनियन घासला तरी कळ.
डावीकडे, कवडीएवढं,
काहीतरी उगवल्यासारखं.
त्र्याहत्तराव्या वर्षी.
ज्याच्या हाकेवर दोन्ही दोर हलायचे
त्याने हे कुणाला सांगायचं?
गणपतीपासून मी शर्ट घालून झोपतो.

परवा पाठीला तेल लावताना
तिचा हात पुढे आला, आणि मी दचकलो.
"कधीपासून?"
सांगितलं.
ती हसली नाही. मग हसली.
"माका बाराव्या वर्षी असाच दुखलेला.
आवशीक सांगूची लाज वाटली.
मुसळ उचलताना कोपर लागला
की डोळ्यात पाणी."

चव्वेचाळीस वर्षं एका छपराखाली,
आणि ती बारा वर्षांची पोर
मला कधी भेटलीच नव्हती.

तेल पुसत ती म्हणाली,
"उद्या कुडाळाक जावया.
तुमी गप ऱ्हवा. मी सांगान."
मग पेज वाढली. माझी आळणी.
तिच्या ताटलीत बोट बुडवून पाहिलं :
तीही आळणी.
केव्हापासून, ते विचारलं नाही.

आज काट्यावर साठ नऊशे.
पेन्सिल सापडेना.
"ध्यानात ठेवा," म्हणत ती लुगडं बदलायला आत गेली.
समोर रापण लागली होती.
उजव्या दोरावर नऊ, डाव्यावर सात,
आणि डावी बाजू ढिली पडत चाललेली.
ओरडायला दम नव्हता.
मी पडवीतून हात वर केला.
एकाने मान वळवली,
मला बघून की उगीच,
कळलं नाही.
साठ नऊशे, मी मनात म्हणत राहिलो.
साठ नऊशे.